शहरातल्या झाडांचं प्लॅनिंग आणि बजेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये आणि दर वेळी कुठेतरी रस्ता रुंदीकरणात झाडं गेली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं बरीचशी पुण्या-मुंबईची आहेत पण कायदा राज्यातल्या सगळ्या महापालिका-नगरपालिकांना लागू आहे, त्यामुळे नाशिक, ठाणे, कोल्हापूर, संभाजीनगरवाल्यांनाही उपयोग होईल. नियम वगैरे बदलत असतात, अर्ज करायच्या आधी आपल्या उद्यान विभागात एकदा विचारून घ्या.

पालिकेकडे झाडांसाठी वेगळे पैसे असतात का, की उद्यान खात्यातूनच भागवतात?

असतात. आपल्याकडे १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्यानुसार प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण असायला हवं, महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष, आणि प्राधिकरणाचा स्वतःचा निधी आणि स्वतःचं अंदाजपत्रक. पैसे येतात कुठून? तुमच्याच खिशातून. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा आणि नीट वाचा, सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, शिक्षण उपकर या सगळ्यांच्या खाली कुठेतरी वृक्ष उपकर किंवा वृक्ष कर म्हणून एक छोटी रक्कम असते. शिवाय झाड तोडायची परवानगी देताना बिल्डरकडून घेतलेली अनामत, दंड, भरपाई हेही येतं. म्हणजे "झाडांना पैसेच नाहीत हो" असं कोणी सांगितलं तर आधी विचारायचं, वृक्ष उपकर किती जमा झाला आणि त्यातला झाडांवर किती खर्च झाला. हा एक प्रश्न विचारला ना की समोरच्याचा बोलण्याचा टोन बदलतो.

मग पैसे आहेत तर लावलेली झाडं मरतात का?

कारण बजेटचं वर्ष आणि झाडाचं वर्ष जुळत नाही. लोकांना वाटतं भ्रष्टाचार हेच एक कारण, तो आहेच, पण सगळं प्रामाणिकपणे केलं तरी हे कॅलेंडर झाडाला मारतं.

बघा कसं होतं. नवीन बजेट १ एप्रिलला सुरू. मग एस्टिमेट, टेंडर, मंजुरी, मध्येच एखादी आचारसंहिता, वर्क ऑर्डर निघेपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. खड्डे खरं तर मे महिन्यात घ्यायला हवेत, उन्हात तापून निघायला हवेत, ते घेतले जातात भर पावसात. लागवड होते ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, फोटो छान येतो, पण पाऊस संपायला महिनाच उरलेला असतो आणि मुळं अजून पिशवीतल्या मातीच्या बाहेरही आलेली नसतात. मग ऑक्टोबरचं ऊन. टँकरचं काम दिलेलं असतं ते ३१ मार्चपर्यंत, कारण आर्थिक वर्ष तिथे संपतं, आणि झाडाला सगळ्यात जास्त पाणी कधी लागतं तर एप्रिल आणि मे! नवीन टँकरचं टेंडर निघेपर्यंत पुन्हा जून, आणि तोपर्यंत अर्धी काड्या झालेली असतात. मग "गॅप भरणे" या नावाखाली त्याच खड्ड्यात पुन्हा नवीन रोप, पुन्हा नवीन फोटो.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. लागवड आणि तीन वर्षांचं संगोपन हे एकच काम म्हणून एकाच टेंडरमध्ये द्यायचं, पैसे हप्त्याने द्यायचे, आणि हप्ता लावलेल्या झाडांवर नाही तर जिवंत मोजलेल्या झाडांवर. टेंडर फेब्रुवारीतच काढून ठेवायचं म्हणजे मे मध्ये खड्डे आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोप जमिनीत. रस्त्याच्या कामाला ठेकेदाराकडून काही वर्षांची हमी घेतातच ना, मग झाडाला घ्यायला काय हरकत आहे.

एक झाड जगवायला खर्च किती येतो?

रुपयात सांगत नाही कारण प्रत्येक शहराचे टेंडरचे दर वेगळे आणि दर वर्षी बदलतात. पण हिशोब कसा मांडायचा ते सांगतो, दर तुम्ही तुमच्या पालिकेचे टाका.

समजा १००० झाडं. एका वेळी एका झाडाला २० लिटर पाणी धरलं तर एका फेरीला २०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. ऑक्टोबर ते मे साधारण ३५ आठवडे. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा पाणी म्हणजे ७० फेऱ्या, १४० टँकर. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, ७० टँकर. तिसऱ्या वर्षी फक्त फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एकदा, ते झाले ३४. एकूण २४४ टँकर. याला टँकरच्या दराने गुणा, त्यात पाइप धरणाऱ्या माणसाची मजुरी टाका. मग रोप (आठ-दहा फुटी घेतलं तर महाग पण जगायची शक्यता जास्त), १ मीटर बाय १ मीटर बाय १ मीटरचा खड्डा म्हणजे प्रत्येकी एक घनमीटर खोदाई आणि तेवढीच लाल माती आणि शेणखत, बांबूची काठी, ट्री गार्ड, वर्षातून तीन-चार वेळा आळं करणे, तण काढणे, काठी बदलणे, आणि शेकड्याला १५ मरतील असं धरून (मी तरी इतके धरतो) त्यांच्या जागी नवीन लावायचे पैसे.

हे सगळं मांडलं की एक गोष्ट लगेच दिसते. रोपाची किंमत एकूण खर्चात अगदी किरकोळ आहे. त्यामुळे कोणी "आम्ही १०,००० रोपं मोफत देतो" म्हणालं की फार हुरळून जाऊ नका, २,४४० टँकर कोण देणार ते विचारा.

आणि ट्री गार्डचं एक. लावायचे पैसे असतात, काढायचे कधीच नसतात. खोड जाड होतं, लोखंडी जाळी सालीत रुतते, आणि झाड गळफास बसल्यासारखं वाढतं, पण जाळीवर माननीयांचं नाव मात्र पंधरा वर्षं वाचता येतं.

भांडवली आणि महसुली खर्चाची भानगड काय आहे?

भांडवली म्हणजे नवीन काहीतरी बांधणं, महसुली म्हणजे आहे ते चालवणं. नवीन लागवड, नवीन उद्यान, "थीम पार्क" हे भांडवलीत बसतं आणि त्याचं उद्घाटन करता येतं. पाणी घालणं, छाटणी, कीड बघणं, माळ्यांचे पगार हे महसुलीत, आणि तंगी आली की पहिली कात्री तिथे लागते. शिवाय वर्गीकरण नावाचा प्रकार असतो, म्हणजे एका कामाचे न वापरलेले पैसे वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कामाकडे वळवणं. झाडांचे पैसे डिसेंबरपर्यंत खर्च झाले नाहीत की ते पेव्हर ब्लॉककडे निघून जाण्याची दाट शक्यता असते. त्यामुळे बजेटमध्ये तरतूद झाली म्हणून पेढे वाटू नका, सुधारित अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन कॉलम बघायचे.

वृक्षगणना कशाला हवी? झाडं काय दिसत नाहीत का?

किती आहेत, कुठली आहेत, कुठल्या अवस्थेत आहेत हे माहीत नसेल तर बजेट अंदाजपंचे होतं. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी गणना करायची असते. मुंबईत २०१८ च्या गणनेत २९,७५,२८३ झाडं निघाली. पुण्यात जीपीएस-जीआयएस वापरून प्रत्येक झाड नकाशावर आणलं, आकडा चाळीस लाखांच्या वर गेला.

पण नुसता आकडा पेपरात छापण्यापलीकडे त्याचा वापर कोण करतं? गणनेच्या डेटात जात, खोडाचा घेर, उंची, तब्येत असते. त्यातून सरळ यादी काढता येते, की या वॉर्डात ४० वर्षांपुढची इतकी झाडं, त्यातली खोड पोकळ असलेली किंवा झुकलेली इतकी, म्हणजे पावसाळ्याआधी तपासणी इतक्यांची, त्याला इतके दिवस आणि इतकी शिडीची गाडी. प्रत्यक्षात काय होतं तर गणनेचं टेंडर वेगळं, छाटणीचं टेंडर वेगळं, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही. तुमच्या वॉर्डाचा डेटा मागून घ्या आणि चार गल्ल्या स्वतः फिरून पडताळा. तोडलेली झाडं यादीत जिवंत असतात असा अनुभव बऱ्याच ठिकाणचा आहे.

शहरात किती झाडं हवीत?

झाडांची संख्या मोजू नका, सावली मोजा. एक जुना वड आणि डिव्हायडरवरची एक कण्हेर, मोजणीत दोन्हीला एकेक मार्क, हा कुठला न्याय.

सध्या जगभर ३-३०-३०० नावाचा नियम बराच बोलला जातो, सेसिल कोनाइनेंडाइक या अभ्यासकाने २०२१ मध्ये मांडलेला: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के पर्णछत्र (म्हणजे झाडांच्या पानांखाली झाकलेली जमीन) असावं, आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. आपल्या पेठांमध्ये किंवा धारावीत ३० टक्के म्हणजे स्वप्नच आहे, पण वस्ती-वस्तीतला फरक दाखवायला हा नियम मस्त उपयोगी पडतो, कारण सरासरी काढली की टेकड्या आणि कॅन्टोन्मेंट सगळ्या शहराची लाज झाकतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नने २०१२ मध्ये ठरवलं की सार्वजनिक जागांवरचं पर्णछत्र २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० वर न्यायचं, आणि मग वर्षावर्षाचं नियोजन त्यावरून उलटं मोजत आलं. आपल्याकडे २०१९ च्या पावसाळ्यात राज्यभर ३३ कोटी रोपं लावायचं टार्गेट होतं. एकाने सावलीचं टार्गेट ठेवलं, दुसऱ्याने खड्ड्यांचं, आणि जे टार्गेट ठेवता तेच मिळतं.

(मेलबर्नने प्रत्येक झाडाला नंबर आणि ईमेल आयडी दिला होता, तक्रारी कळवायला. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं पाठवली. आपल्याकडे दिला तर पहिला मेल "पानं आमच्या गाडीवर पडतात" असा येईल.)

कुठली झाडं लावावीत?

सगळ्यात आधी, एकच जात रांगेने लावू नका. अमेरिकेतल्या फ्रँक सॅन्टामोर यांनी १९९० मध्ये १०-२०-३० असा ठोकताळा दिला, की शहरात एका जातीची १० टक्क्यांपेक्षा जास्त, एका प्रजातीगटाची २० पेक्षा जास्त आणि एका कुळाची ३० पेक्षा जास्त झाडं नकोत. का? मुंबईत रेन ट्रीवर मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण आला तेव्हा रस्तेच्या रस्ते वाळलेले लोकांनी बघितलेत.

दुसरं, जागा बघून झाड. वर वायर असेल तर खाली महोगनी लावायची आणि मग दर वर्षी महावितरणने तिचं मुंडकं उडवायचं यात दोन्ही खात्यांचे पैसे जातात, तिथे बहावा, कांचन, ताम्हण असली मध्यम झाडं बरी. रुंद रस्त्याला कडुनिंब, करंज, शिरीष, अर्जुन. बकुळ हळू वाढते पण वाढली की बघायलाच नको. वड-पिंपळ-उंबर मैदानात, नदीकाठी, फुटपाथवर नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, फुलला की जीव ओवाळून टाकावा असा पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्याचा भाऊ सोनमोहरही तसाच, पावसाळ्यात पडणाऱ्या झाडांत हे दोघं नेहमी पुढे. आहेत ते राहू द्या, नवीन रस्त्याच्या कडेला लावू नका इतकंच. सुबाभूळ आणि गिरिपुष्प तर मुळीच नको. सप्तपर्णीची नर्सरीवाले खूप शिफारस करतात कारण भराभर वाढते, पण ती फुलल्यावर आजूबाजूच्या दमेकऱ्यांना विचारा.

छाटणीला इतके पैसे का लागतात आणि तरी झाडं पडतात का?

छाटणी मोजली जाते फांद्यांवर नाहीतर ट्रकवर, म्हणजे जितकं जास्त कापाल तितकं बिल मोठं. मग एका बाजूच्या सगळ्या फांद्या काढल्या जातात, तोल जातो, आणि पुढच्या वादळात तेच झाड दुसऱ्या बाजूला पडतं. कापायचं कुठे, फांदीच्या बुडाशी गाठ असते तिच्या बाहेरून, खुंटी न ठेवता, हे शिकलेला माणूस ठेकेदाराकडे असलाच पाहिजे ही अट टेंडरमध्ये टाकली तर निम्मं काम होईल.

आणि पडतात त्याचं मोठं कारण जमिनीखाली आहे. केबल, गॅस, ड्रेनेजसाठी खोदताना मुळं तोडतात, वरून बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायचे आदेश दिले होते, तो आदेश आपल्याकडचे कार्यकर्तेही दाखवत असतात. बजेटच्या दृष्टीने सांगायचं तर हे काम उद्यान विभागाच्या डोक्यावर टाकू नका, पथ विभागाच्या रस्त्याच्या एस्टिमेटमध्येच आळी मोकळी ठेवायचं आयटम टाकायला लावा. ज्याने काँक्रीट ओतलं त्यानेच फोडायचे पैसे द्यावेत.

एक झाड तोडलं तर किती लावावी लागतात?

२०२१ मध्ये कायद्यात मोठे बदल झाले. आता झाडाचं जितकं वय तितकी रोपं. ४० वर्षांचं झाड, ४० रोपं, तीही सहा ते आठ फुटी, जिओटॅग करून (म्हणजे नकाशावर नेमकी जागा नोंदवून) सात वर्षं सांभाळायची. ५० वर्षांपुढचं झाड हेरिटेज. २०० किंवा जास्त झाडांचा प्रस्ताव असेल तर तो राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे न्यायचा, असं २०२१ च्या बदलात होतं. बेकायदा तोडीला प्रति झाड एक लाखापर्यंत दंड.

कागदावर छान आहे. पण मग वय कोण ठरवणार, यावर सगळा खेळ. वय दहा वर्षांनी कमी लिहिलं की प्रत्येक झाडामागे दहा रोपं वाचली. म्हणून हरकत घेताना फक्त "झाड तोडू नका" लिहून थांबू नका, घेर स्वतः मोजा, फोटो लावा आणि वय कशावरून ठरवलं ते लेखी विचारा. झाडावर नोटीस लागल्यापासून हरकतीला सातच दिवस असतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर हळहळण्यात पाच घालवू नका. मुंबईतल्या आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती येईपर्यंत दोन-तीन दिवसांत २,१४१ झाडं पडलेली होती.

झाडाची किंमत पैशात कशी काढतात?

सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने (प्रकरण पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांचं होतं) झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये गुणिले वय अशी सुचवली, २०२१ मध्ये ते बाहेर आलं. प्राणवायू, खत, इतर फायदे धरून. लोक आकड्यावर हसले, पण रस्त्याच्या कामाच्या तक्त्यात झाडाची किंमत शून्य लिहिण्यापेक्षा ते बरंच की. न्यूयॉर्कमध्ये २००७ च्या अभ्यासात रस्त्यावरच्या झाडांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे ५.६० डॉलरचा फायदा निघाला, विजेची बचत, हवा, पावसाचं पाणी, घरांच्या किमती वगैरे धरून. तो आकडा इथे जसाच्या तसा चिकटवू नका, हवा वेगळी, वीजदर वेगळे. पद्धत मात्र वापरण्यासारखी आहे, विशेषतः स्थायी समितीला पैशाचीच भाषा कळते तेव्हा.

तोडण्यापेक्षा पुनर्रोपण बरं ना?

ऐकायला बरं. वड, पिंपळ, उंबर या कुळातली झाडं बऱ्यापैकी धरतात. बाकीच्यांसाठी आठवडेच्या आठवडे आधी मुळं टप्प्याटप्प्याने छाटून, मोठा मातीचा गोळा बांधून, योग्य हंगामात हलवावं लागतं. जेसीबीने उपटून ट्रकमध्ये टाकून एप्रिलमध्ये दुसरीकडे गाडलं तर त्याला अंत्यविधी म्हणतात. मुंबईत मेट्रो-३ च्या हलवलेल्या झाडांचं काय झालं हा विषय हायकोर्टापर्यंत गेला. प्रस्तावात "पुनर्रोपण" दिसलं की तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे कुठे धरलेत ते बघा. नसतील तर ती तोडच समजा.

मियावाकी?

ही दाट झाडी लावायची जपानी पद्धत. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, त्यामुळे ३०० चौरस मीटरमध्ये हजार रोपांचा आकडा जमतो, आणि म्हणूनच भरपाईच्या लागवडीत हे इतकं लाडकं आहे. पडीक कोपऱ्यात लावा, पक्षी येतील, छान. पण रस्त्यावरच्या सावलीच्या बदल्यात कुंपणाआडची झाडी देणं चालणार नाही, भाजीवाल्या मावशी तिथे जाऊन बसू शकत नाहीत.

पालिकेबाहेरून पैसे मिळतात का?

मिळतात. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम (२०१९ पासून) आणि वित्त आयोगाचे हवेसाठीचे पैसे यातून हरित कामं होतात, अमृत योजनेत २.५ टक्के उद्यानांसाठी होते, केंद्राची नगर वन योजना आहे, राज्याचं माझी वसुंधरा अभियान आहे. सीएसआरमध्येही, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीत, पर्यावरण बसतं. पण कंपन्यांना एका दिवसाचा कार्यक्रम हवा असतो, टी-शर्ट घालून. त्यांच्याकडून लागवड नका घेऊ, पाणी घ्या. टँकर, ठिबक, जवळच्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) प्रक्रिया केलेल्या पाण्याची लाइन. पाण्याच्या टाकीवर लोगो लावू द्या हवा तेवढा मोठा.

सोसायटीच्या आवारातलं झाड आहे, खर्च कोणाचा?

सोसायटीचा. आणि स्वतःच्या जागेत असलं तरी तोडायला आणि छाटायलाही परवानगी लागते. पावसाळ्याची छाटणी हवी असेल तर अर्ज फेब्रुवारीत द्या, मे मध्ये सगळं शहर रांगेत असतं.

सामान्य माणसाने बजेटमध्ये कधी आणि कसं घुसायचं?

जानेवारी-फेब्रुवारीत बजेट सादर होतं तेव्हा ओरडून फारसं हाती लागत नाही, तोपर्यंत आकडे बसलेले असतात. खरी वेळ ऑगस्ट ते नोव्हेंबर, जेव्हा खाती आपापल्या मागण्या तयार करतात. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना वॉर्ड ऑफिसमार्फत कामं सुचवता येतात, लोक बाकडी आणि पेव्हर सुचवतात, तुम्ही "अमुक रस्त्यावरच्या १२० झाडांची आळी मोकळी करणे आणि दोन वर्षं पाणी" असं नेमकं सुचवा. मोघम "वृक्षारोपण करावे" लिहिलं की ते पहिल्या चाळणीत जातं.

त्याआधी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि चारच गोष्टी मागा: गेल्या तीन वर्षांत जमा झालेला वृक्ष उपकर, वृक्ष प्राधिकरणाचा प्रत्यक्ष खर्च, भरपाई लागवडीची ठिकाणांसह यादी, आणि परत केलेल्या व जप्त केलेल्या अनामतीची यादी. शेवटचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं, कारण झाडं मेली असतील तर अनामत जप्त व्हायला हवी, आणि सगळ्यांना परत मिळाली असेल तर त्या ठिकाणी जाऊन झाडं मोजायला एक रविवार पुरतो. यादी आणि फोटो घेऊन वृक्ष अधिकाऱ्याला भेटा, चार जण मिळून जा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.